शेळ्या-बोकडांचा लांबचा प्रवास: मराठवाड्यातल्या गोठ्यापासून देवनार आणि बंदरापर्यंत

गाडीत बोकड मेला की दोष उन्हाला, ड्रायव्हरला नाहीतर नशिबाला दिला जातो. पण त्या मरणाची कारणं बहुतेक वेळा गाडी सुटण्याआधीच ठरलेली असतात. ताप असलेलं जनावर आदल्या रात्री कुणी हात लावून पाहिलेलं नसतं. हौद्यात पंधरांची जागा असताना पंचवीस चढवलेले असतात. निघताना मका भरडा पोटभर चारलेला असतो. वाटेत करण्यासारखं फार थोडं उरतं. म्हणून या लेखातला मोठा भाग गाडी सुटण्याआधीच्या तीन आठवड्यांवर आहे.

हे सगळं शेळ्या-मेंढ्यांबद्दल आहे. गाई, बैल, वळू यांना महाराष्ट्रात २०१५ पासून वेगळा आणि कडक कायदा लागू आहे. लाल कंधारी किंवा देवणी जनावर हाळी, नेकनूरच्या बाजारातून किंवा माळेगावच्या यात्रेतून घरी आणायचं असेल, तर त्याची कागदपत्रं आणि जागेचे नियम निराळे. ते इथे मिसळत नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच ध्यानात घ्या. बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२५ मध्ये ती जूनच्या पहिल्या आठवड्यात होती, २०२६ मध्ये मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि २०२७ मध्ये मेच्या मध्याला. म्हणजे पुढची काही वर्षं आपला वर्षातला सगळ्यात मोठा माल ऐन उन्हाळ्यात रस्त्यावर असणार आहे, बीड-परभणीत पारा ४२-४३ अंशांवर असताना. जून-जुलैच्या हवेत जे चालून गेलं ते आता चालणार नाही.

कोण जाणार, कोण नाही

तीन आठवडे आधी कळपातून जाणारी जनावरं निवडा आणि वेगळी बांधा. निवडताना आधी वजन आणि रंग बघू नका, आधी चाल बघा. चारही पायांवर सारखा भार देत चालतंय का? लंगडणारा बोकड हलत्या गाडीत तोल सांभाळू शकत नाही, तो बसतो आणि बसलेल्यावर बाकीचे चढतात. मग शेपटीखाली बघा, हगवणीचे डाग नकोत. नाकातून घट्ट शेंबूड नको. खालची पापणी ओढून आतला रंग बघा: लालसर-गुलाबी असेल तर ठीक, पांढुरकी असेल तर जंतांनी रक्त ओढलंय. असं जनावर बाहेरून धड दिसलं तरी प्रवासात पहिल्यांदा तेच पडतं.

गाभण शेळी पाठवू नका. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा असतो आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेप्रमाणे गाभणकाळाच्या शेवटच्या दहाव्या हिश्श्यात, म्हणजे शेवटच्या पंधरा दिवसांत, जनावर प्रवासाला अयोग्य धरलं जातं. व्यायल्यापासून ४८ तासांच्या आतलीही तशीच. माझं मत याहून कडक आहे. शेवटचे दोन महिने तिला हलवूच नये. उस्मानाबादी शेळी बऱ्याचदा जुळी देते. दोन करडं पोटात घेऊन रात्रभर उभं राहणं तिला झेपत नाही, आणि गाभडली तर तीन जीव एकदम जातात. गाभण आहे की नाही याचा संशय असेल तर तपासून घ्या. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर राहू नका. नाळ न वाळलेलं करडू तर गाडीत कुठल्याही सबबीखाली नको.

तीन आठवड्यांत करायचं ते

पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेग म्हणतात त्या साथीच्या रोगाची, लस झालेली नसेल तर निघायच्या किमान तीन आठवडे आधी टोचून घ्या. आदल्या दिवशी टोचलेली लस कागद भरायला कामाला येते, जनावराला नाही, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायलाच दिवस लागतात. आंत्रविषाराच्या, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाच्या, लसीचंही तेच. जंताचं औषध दहा-पंधरा दिवस आधी. कुठलंही औषध दिलं की बाटलीवर लिहिलेला मांसासाठीचा थांबण्याचा काळ वाचा. तो पुरा व्हायच्या आत बोकड कापायला जाऊ नये.

कानात ओळखीचा बारा आकडी बिल्ला हवा. तो नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

वेगवेगळ्या कळपांतून खरेदी केलेले बोकड असतील तर निदान चार-पाच दिवस आधी एकत्र करा, म्हणजे त्यांची आपसातली टक्कर गोठ्यातच संपते. अनोळखी, शिंगाळे बोकड पहिल्यांदा गाडीतच भेटले तर घाटापर्यंत डोकी फुटलेली असतात. यातच दाणा-चारा सारखा करून घ्या. कुणी सोयाबीनची गुळी खात असेल, कुणी सुबाभळीचा पाला, कुणी नुसतं रानात चरलेलं असेल. सगळ्यांना एका वाळल्या चाऱ्यावर आणा.

जागेचा हिशेब

पहिल्यांदा हे गणित करा आणि मगच गाडी ठरवा. आपल्याकडे उलटं होतं. गाडी ठरते आणि मग आहेत तेवढे कोंबले जातात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ च्या दुरुस्तीने जनावरं नेणाऱ्या गाड्यांसाठी नियम १२५-ई आला. त्याप्रमाणे एका शेळीला किंवा मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा हवी. आपल्या मापात सव्वातीन चौरस फूट धरा. हौद्याची आतली लांबी गुणिले रुंदी फुटांत काढा, सव्वातीनने भागा, उत्तराचा अपूर्णांक सोडून द्या. आठ बाय पाचच्या छोट्या हत्तीत बारा. नऊ बाय साडेपाचच्या पिकअपमध्ये पंधरा. चौदा बाय साडेसहाच्या हौद्यात अठ्ठावीस. सतरा बाय सातच्या आयशरमध्ये छत्तीस. शिवाय १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांनी साडेचार-पाच टनी मालवाहू गाडीला ४० शेळ्या-मेंढ्यांची कमाल मर्यादा घातलेली आहेच. हौदा कितीही लांब दिसला तरी त्या गाडीत त्यापुढे जाता येत नाही.

हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, म्हणतील, गच्च भरले की एकमेकांच्या आधाराने उभे राहतात, पडत नाहीत. हा समज फार नुकसान करतो. गच्च गाडीत पडलेला बोकड उठू शकत नाही, कारण त्याने रिकामी केलेली जागा बाकीच्यांनी लगेच भरलेली असते. तो तुडवला जातो, गुदमरतो आणि उतरवताना फाळक्याजवळ, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेजवळ, सापडतो. दुसरीकडे निम्मा हौदा मोकळा सोडला तरी ब्रेक लागला की सगळे पुढे घसरतात आणि चेंगरतात. म्हणून दर दोन-तीन मीटरवर आडवी फळी हवी. नियमातही तसंच आहे. गाडीभर एकच मोठा गट करण्यापेक्षा दहा-बारांचे दोन-तीन कप्पे करा. मोठे शिंगाळे बोकड एका कप्प्यात, अदात (दुधाचे दात न पडलेली) पिल्लं दुसऱ्यात, शेळ्या तिसऱ्यात.

मेमध्ये मी ०.३ ही किमान जागा धरतो आणि त्यातून दहातला एक आणखी कमी करतो. छत्तीसच्या गाडीत बत्तीस. तेवढं भाडं अंगावर येतं, हे खरं. पण एक बोकड गेला तर तोटा त्या भाड्याच्या कितीतरी पट होतो.

गाडी बघताना

हौद्याचा तळ घसरडा नको. लोखंडी पत्र्यावर मुताने दहा मिनिटांत घसरण होते. पोत्यांवर किमान दोन इंच जाडीचा पेंढा किंवा उसाचं पाचट अंथरा. खालून माती-रेती घातली तर आणखी चांगलं. बाजूच्या फळ्यांत पाय अडकेल अशी फट नको, पण डोक्याच्या उंचीला हवा आरपार गेली पाहिजे. ताडपत्री वरून सावलीपुरती बांधा, बाजू झाकू नका. झाकलेल्या गाडीत मुताचा वास डोळ्यांना झोंबतो. तुम्हाला झोंबत असेल तर त्यांना आठ तास झोंबणार आहे. दोन मजली हौदा करायचा तर वरच्या फळ्या अशा बसवा की मूत-लेंड्या खालच्यांवर गळणार नाहीत, आणि खालच्यांना मान वर करून उभं राहता आलं पाहिजे. यातलं एक जमत नसेल तर दुसरा मजला करू नका.

गाडीला जनावर वाहतुकीचा आरटीओचा परवाना आहे का ते विचारा. सोबत तीन कागद लागतात: पात्र पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला, बाजार समितीची किंवा खरेदीची पावती आणि बिल्ल्यांच्या क्रमांकांची यादी. दाखला जनावरं प्रत्यक्ष दाखवून घ्या. कोऱ्या दाखल्यावर आकडा भरून आणणारे असतात. तसला कागद नाक्यावर चालेलही, पण ज्या आजारी बोकडाने गाडीभर ताप पसरवायचा तो गाडीत बसलेलाच असतो.

भाडं ठरवताना डोक्यामागे भाडं ठरवू नका. नगावर पैसे मिळत असतील तर ड्रायव्हर जास्त नग भरणारच. खेपेवर भाडं ठरवा आणि सगळी जनावरं पायांवर उभी उतरली तर वर काही रक्कम द्या. वाटेत मेलेल्याची किंमत कुणाच्या अंगावर, हेही चिठ्ठीवर लिहून घ्या. जबाबदारी लिहिलेली असली की हात आपोआप जपून चालतात.

निघायच्या आदल्या दिवशी

सकाळी ऊन चढायच्या आत प्रत्येकाचा ताप मोजा. शेळीचं शरीर १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट इतकं गरम असतंच. १०४ च्या वर गेलं तर ते मागे राहील. दुपारी मोजाल तर उन्हाने आकडा चढलेला दिसेल आणि फसाल.

भरडा, मका, पेंड आदल्या सकाळनंतर बंद. रात्री वाळला कडबा किंवा तुरीचं भुसकट बेताने. ओला भुईमुगाचा पाला, हिरवा लुसलुशीत चारा अजिबात नको, पोट फुगतं. पाणी मात्र तोडू नका. गाडीत चढेपर्यंत समोर पाणी राहू द्या. उन्हाळ्यात एका मोठ्या बोकडाला दिवसाला पाच-सहा लिटर सहज लागतं आणि रात्रभराच्या प्रवासाला तेच पुरायचं असतं. पोट तटतटीत दिसावं म्हणून काही जण बाजारात नळीने पाणी किंवा पीठ कालवलेलं पाणी पाजतात. नळी चुकून श्वासनळीत गेली की फुफ्फुसदाह होतो आणि ते जनावर दोन-तीन दिवसांत जातं. असा बोकड विकत घेऊ नका, आपला असेल तर कुणाला पाजू देऊ नका.

वजनाची घट होणारच. लांबच्या खेपेत पाच ते दहा टक्के वजन जातं, म्हणजे तीस किलोच्या बोकडामागे दीड ते तीन किलो. यातला पहिला भाग पोटातल्या चारा-पाण्याचा असतो. तो दोन दिवसांत भरून निघतो. त्यापुढची घट अंगातल्या पाण्याची आणि मांसाची असते, आणि ती जागा, पाणी, वारा यांवर ठरते.

चढवणं

बाजारात बोकड कान धरून, शिंग धरून, पायाला धरून फेकले जातात. मागचा पाय ओढला की खुब्याचा सांधा निखळतो. ती लंगड वरून दिसत नाही, गाडीत दिसते. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, एक मांडीमागे घ्या.

उचलावं लागू नये हे खरं. शेताच्या बांधाला गाडी मागे लावा, फाळका बांधावर टेकवा, जनावरं चालत आत जातात. बांध नसेल तर मातीचा ढीग घालून चढण करा. तीन फूट लांबीला एक फूट चढ, याहून उभी नको. आधी एक शांत, सवयीची शेळी आत न्या, बाकीची मागून येतील. काठी, शेपूट पिरगाळणं, ओरडा याने घाबरलेलं जनावर चढायच्या आधीच धापा टाकायला लागतं, आणि ती धाप उतरायला उन्हाळ्यात तास जातो.

पाय बांधू नका. दावं आखूड करून फळीला मान बांधणंही धोक्याचं आहे. पडलं की फास बसतो. फळ्यांचे कप्पे नीट असतील तर मोकळं सोडलेलं जनावर स्वतःचा तोल स्वतः सांभाळतं.

रात्रीचा रस्ता

धाराशिव, कळंब भागातून बार्शी-टेंभुर्णी-पुणेमार्गे किंवा बीडहून अहिल्यानगरमार्गे मुंबई चारशे किलोमीटरच्या घरात आहे. मालगाडीला दहा-बारा तास धरा. ऊन कलल्यावर सहा-सातला निघालात तर उजाडायच्या सुमारास देवनारला, मुंबईतल्या बकरा बाजाराला, पोचता. हेच गणित उलटं करून बघा: रात्री अकराला निघालात तर नवी मुंबईच्या वाहतूककोंडीत सकाळचं ऊन डोक्यावर येतं, आणि तिथली हवा दमट असते.

दमट हवेचं कारण समजून घ्या. शेळी-मेंढीला घाम फार कमी येतो. ती धाप टाकून, तोंडातली ओल हवेत सोडून अंग थंड करते. आपल्याकडच्या कोरड्या ४२ अंशांत ते जमतं. मुंबईच्या दमट ३५ अंशांत हवा आधीच पाण्याने भरलेली असते, धापेने ओल उडत नाही आणि अंगातली उष्णता आतच साठते. म्हणून मराठवाड्याचं ऊन काढलेला बोकड कळंबोलीला पोचल्यावर पडतो आणि धनी चक्रावतो.

चालती गाडी वाऱ्याने थंड राहते, उभी गाडी भट्टी होते. जेवणाला थांबायचं तर वीस मिनिटं, झाडाखाली किंवा वाऱ्याच्या तोंडाला. ड्रायव्हरला निघतानाच सांगा: वेग बेताचा, वळणावर हळू, ब्रेक झटक्याने नको. दर तीन-चार तासांनी सोबतच्या माणसाने बॅटरी घेऊन हौद्याच्या प्रत्येक कप्प्यात बघायचं. बघणं म्हणजे वरून नजर टाकणं नव्हे. बसलेलं कोण, तोंड उघडं कोणाचं, जीभ कोणाची बाहेर, डावी कूस कोणाची फुगली.

तोंड उघडं ठेवून धापा टाकणाऱ्याला बाजूला काढा, सावलीत वाऱ्याला ठेवा, पायांवर, पोटाखाली आणि मानेवर साधं पाणी टाका. शुद्धीत असेल तर समोर भांडं धरा, स्वतः पिऊ द्या. बाटली तोंडात घालून पाणी ओतू नका. डावी कूस ढोलासारखी वाजत असेल तर पुढचा भाग उंच ठेवा आणि १९६२ ला किंवा जवळच्या डॉक्टरला फोन लावा. बसकण मारलेल्याला रिकाम्या कप्प्यात हलवा. म्हणूनच एक छोटा कप्पा निघतानाच रिकामा ठेवायचा.

मेलेलं जनावर रस्त्याकडेला टाकू नका. नाका-तोंडातून काळपट रक्त आलं असेल तर ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकते. त्याला चिरू नका, कातडं काढू नका, पशुवैद्यकाला बोलवा. हा रोग माणसाला होतो.

पोचल्यावर

आधी सावली, मग पाणी. एकदम बादली न देता थोडं थोडं, त्यात इलेक्ट्रोलाइट पावडर किंवा गूळ-मीठ. एका तासाने वाळला चारा. दाणा चोवीस तास नाही. उपाशी पोटी मका मिळाला की पोटात आम्ल होतं किंवा आंत्रविषार उठतो, आणि प्रवास काढलेलं जनावर बाजारात मरतं.

समुद्रापलीकडे जाणारा माल

आपल्या भागातून विकलेली शेळी-मेंढी व्यापाऱ्यांच्या हातून आखाती देशांतही जाते. कच्छमधलं कांडल्याजवळचं तुणा बंदर या मालासाठी ओळखलं जातं, आणि मराठवाड्यापासून ते हजार किलोमीटरच्या आसपास आहे. २०१८ मध्ये नागपूर विमानतळावरून शारजाला शेळ्या-मेंढ्या पाठवायची तयारी झाली होती, विरोधानंतर ती थांबली. तुमचा माल निर्यातदाराला जात असेल तर हे पुढचं विचारून घ्या, कारण जहाजावर गेल्यावर त्या जनावरासाठी बोलणारं कुणी नसतं.

ऑस्ट्रेलियाने दशकानुदशकं मेंढ्या आखातात पाठवल्या. तिथल्या अभ्यासांत जहाजावर मेंढ्या मरण्याचं एक मोठं कारण आढळलं ते भूक: गवतावर वाढलेली मेंढी गोळीखाद्याला तोंड लावत नाही, अशक्त होते आणि साल्मोनेलाच्या हगवणीने जाते. म्हणून बंदराजवळच्या तळावर जनावराला काही दिवस तेच गोळीखाद्य आणि तसल्याच कुंड्यांची सवय लागली पाहिजे. न खाणारं तिथेच ओळखून मागे ठेवायचं. रानात चरलेली आपली शेळी तर चाऱ्याच्या बाबतीत जास्तच निवडक. निर्यातदाराला थेट विचारा: तळावर किती दिवस, काय खाऊ घालता, न खाणाऱ्याचं काय करता, जहाजावर पशुवैद्यक आहे का, रोजचे मृत्यू कोण लिहितो. उत्तरं मिळत नसतील तर माल देऊ नका.

उष्णतेचं कारण वर सांगितलं तेच, फक्त समुद्रावर सुटका नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाहून आखाताकडे गेलेल्या ‘अवासी एक्स्प्रेस’ जहाजावर सुमारे २,४०० मेंढ्या उष्णतेने गेल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये रोमानियाच्या किनाऱ्याजवळ ‘क्वीन हिंद’ कलंडलं, त्यावर चौदा हजारांवर मेंढ्या होत्या, वाचल्या त्या दोनशेच्या आसपास. २०२० मध्ये ‘गल्फ लाइव्हस्टॉक १’ जपानजवळ वादळात बुडालं, जवळजवळ सहा हजार गाई आणि ४३ खलाशांसह. खलाशांपैकी दोघेच जगले. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा करून १ मे २०२८ पासून समुद्रमार्गे जिवंत मेंढ्यांची निर्यात बंद करायचं ठरवलं. माझंही मन तिकडेच आहे. बोकड कापायचाच असेल तर जवळच्या चांगल्या कत्तलखान्यात कापावा आणि थंड केलेलं मांस पाठवावं, त्यात शेतकऱ्याचं नुकसान नाही. तोवर निदान मे ते ऑगस्टमधला समुद्री माल तरी नाकारा.

परत आलेल्यांसाठी

ईदच्या बाजारात न विकलेले बोकड आपण त्याच गाडीने घरी आणतो आणि त्याच संध्याकाळी कळपात सोडतो. देवनारच्या गर्दीत ते राज्या-परराज्यांतल्या हजारो जनावरांच्या श्वासात उभे राहिलेले असतात. पीपीआरची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ २१ दिवसांपर्यंत धरतात. म्हणून परत आलेल्यांना २१ दिवस वेगळं बांधा, पाण्याचं भांडं वेगळं, चारा आधी घरच्या कळपाला घालून मग त्यांना, आणि त्यांच्याकडून आल्यावर हातपाय धुऊन कपडे बदला. गाडीचा हौदा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून उन्हात वाळवा, पेंढा जाळून टाका. रोज सकाळी ताप मोजा. ताप, डोळ्या-नाकातून पाणी आणि तोंडात चट्टे दिसले तर कुणालाही विकू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात कळवा.